ताईचा इंच

४ जानेवारी

चि. धाकट्यास,

इथे आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. जागा सोडली आहे, तूच काय ते समजून घे.

हे फोनवर बोलले असते. पण फोनवर तुझं एकच पालुपद असतं, 'ताई, तू आधी चिडू नकोस.' ते ऐकलं की मी चिडते आणि मुद्दा राहून जातो. कागद मध्येमध्ये बोलत नाही.

तू बाबांना कळवलंस म्हणे, मागच्या शेडमधलं ते कॉम्प्युटरवर लाकूड कोरायचं मशीन भंगारात देऊन टाका, आता ते खेळण्यातलं वाटतं. काल भंगारवाला गाडी घेऊन दारात उभा. बाबांनी त्याला शेडची किल्लीसुद्धा दिली होती. मी बिलं लिहीत होते. उठले, किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याला म्हटलं, 'चहा प्या आणि चालू लागा.' बाबा म्हणाले, 'जागा अडते.' मी म्हटलं, आठ वर्षं अडली, अजून थोडी अडू दे.

खेळण्यातलं! अरे, त्या टेबलाचा एकेक पाय मी गुण्याने काटकोन बघून बसवलाय. छप्पन्न भोकं मी पाडली, मोजून. जुन्या प्रिंटरच्या मोटरी उकलताना माझ्या अंगठ्याला टाके पडले. वायरी तू जोडल्यास आणि कुठली कुठे जाते ते मी लेबलं लावून लिहिलं, कारण तुझं अक्षर तुलाच लागत नाही. आणि तुझ्या कंपनीच्या पत्रकात काय छापलंय? 'घरच्या शेडमध्ये एकट्याने सीएनसी राउटर उभारणारा तरुण.' एकट्याने! मग मी काय तिथे दिवा धरून उभी होते?

बरं, तेही सोडून देते. सोडून द्यायची मला चांगलीच सवय आहे.

तू नोकरीला बाहेर जायच्या आधी मी मापं घ्यायची आणि ड्रॉइंगं काढायची. आता बिलं लिहिते आणि फोन उचलते. ग्राहकाच्या घरी टेप घेऊन मिस्त्री जातात. मी खिडकीची रुंदी जरी सांगितली, तरी बाबा उठून परत मोजतात. आणि वर्कशॉपमध्ये एखादी फळी आखूड पडली की कोणीतरी म्हणतंच, 'ताईच्या इंचाने मोजलंस काय?' नवीन आलेली माणसंही म्हणतात. त्यांना मुळात काय झालं होतं तेही माहीत नाही. म्हण झाली आहे रे माझी.

तुला तरी आठवतं का? वाचनालयाच्या कपाटांची बावीस दारं. पानांची जाळी कोरलेली, तुझ्या मशीनचं पहिलं मोठं काम. तिथे नेऊन बसवायला घेतली तर प्रत्येक दार साडेनऊ मिलिमीटर आखूड. ग्रंथपाल बाई उभ्या, बाबा उभे, मिस्त्री पटाशी हातात धरून उभे. बाबांनी विचारलं, 'माप कोणी घेतलं होतं?' तू म्हणालास, 'ताईने पाचशे नव्वद सांगितलं.' मी म्हटलं, सहाशे, मी चिठ्ठीवर सहाशे लिहून दिलंय. बाबा म्हणाले, 'मग चिठ्ठी कुठाय?' चिठ्ठी सापडली नाही.

मी इतक्यांदा तो दिवस डोक्यात फिरवलाय, की आता मला स्वतःलाच खात्री वाटत नाही. कदाचित लिहिलं असेल पाचशे नव्वद. माणूस चुकतो.

असो. मशीन मी चालू करणार आहे. बोर्डाची लाल वायर कुठे लागते ते कळव. उंदराने नेमकं तेच लेबल खाल्लं आहे.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

तुझा दोन ओळींचा निरोप मिळाला. 'लाल वायर डावीकडून तिसरी. पण कशाला त्यात पडतेस?' पहिल्या वाक्याबद्दल आभार. दुसऱ्याचं उत्तर असं, की मला हौस आली.

निम्म्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. नव्या ओढल्या. सरकते गज रॉकेलने पुसून काढले. बाबांनी तीनदा येऊन बघितलं आणि तीनदा म्हणाले, 'पेटेल बिटेल.' काही पेटलं नाही. कॉम्प्युटर मात्र म्हाताऱ्यासारखा खोकत उठला आणि वर तारीख आठ वर्षांपूर्वीचीच दाखवू लागला. मी म्हटलं, बाबा रे, तुझंही तेच का?

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कटर कुठून सुरू करायचा ती जागा ठरवून द्यायची असते, ते मी विसरले. बटण दाबलं आणि तो कटर फळी सोडून थेट ती आवळणाऱ्या शिकंज्यावर! खाटकन मोडला. तुकडा उडून पत्र्याला लागला. मिस्त्री बाहेरून ओरडले, 'ताई, जिवंत आहात ना?' मी ओरडले, 'आहे!' आणि हसायलाच लागले. किती दिवसांनी हसले असेन ते विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी एक पान कोरलं, जुन्याच जाळीतलं. कटर फळीवरून फिरत होता, भुसा बाजूला उडत होता, आणि लाकडातून हळूहळू देठ वर आला, मग शिरा. मी खुर्ची घेऊन समोरच बसले. घरात पाहुणे आल्यासारखं वाटत होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. कटर काढून तिथे पेन बांधलं आणि कागदावर सहाशेची रेघ मारायला सांगितली. मोजली. पाचशे नव्वद आणि वर जेमतेम अर्धा.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आलं, की बघ, अजूनही माझं मोजायचं चुकतंच. शपथेवर सांगते, मशीनवर संशय आलाच नाही. मी बाबांचा टेप आणला. पुन्हा तेच. मिस्त्रींचा टेप मागितला, ते गालात हसले. पुन्हा तेच. मग लोखंडी पट्टी लावली, चष्मा पुसला, जमिनीवर पालथी पडून मोजलं. पाचशे नव्वद आणि अर्धा.

आडव्या बाजूची रेघ बरोबर येते. फक्त लांब बाजूचीच आखूड पडते. सहाशेची मारली की साडेनऊने. दारं किती आखूड होती रे?

मी अजून काही म्हणत नाही. मी फक्त विचारते आहे. तुझी ती जुनी वही शेडमध्ये कुठे आहे का? सगळं उचकून बघणार आहे. त्याआधी तुला काही सांगायचं असेल तर सांग.

ताई


२३ जानेवारी

वही सापडली. नटबोल्टांच्या डब्याखाली होती.

तुझंच अक्षर. कोंबडीचे पाय, पण वाचता आले.

'९ तारीख. लांब बाजूचा स्क्रू वाकला. नवा बसवला.'

जुना स्क्रू इंची आट्यांचा होता, पाच आट्यांना एक इंच. नवा आणलास तो मिलिमीटरचा, एका आट्याला पाच. कटर एक मिलिमीटर सरकायला मोटरला किती ठोके द्यायचे, तो आकडा कॉम्प्युटरला सांगावा लागतो. जुन्या स्क्रूला तीनशे पंधरा, नव्याला तीनशे वीस. स्क्रू बदललास आणि आकडा बदलायला विसरलास. एवढंच. पाच ठोके. मी आज तीनशे वीस टाकले आणि रेघ मारली. सहाशे. केसभरही इकडे-तिकडे नाही.

चुकलं असेल. माणूस चुकतो, हे मीच आधीच्या पत्रात लिहिलंय. पण पुढचं पान मी उलटायला नको होतं.

'१२ तारीख. आकडा ३१५च राहिला. ३२० हवा होता. सगळी दारं साडेनऊने कमी. मेलो.'

बारा तारीख! दारं बसवायला नेली चौदाला. दोन दिवस मिस्त्री त्या दारांना पॉलिश करत होते आणि तू शेजारी उभा राहून बघत होतास. दोन दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास. मीठ दे म्हणालास. आणि चौदाला सगळ्यांच्या देखत, तोंड न चुकवता, 'ताईने पाचशे नव्वद सांगितलं'!

तू विसरला नव्हतास, गोंधळला नव्हतास. तुला ठाऊक होतं. पाचशे नव्वद हा आकडा तुला कुठून सुचला? दारं मोजून सुचला! खोटंसुद्धा मोजूनमापून बोललास.

आणि त्यानंतरच्या रविवारी, तुला नोकरीवर घ्यायच्या आधी, तुझ्या कंपनीची माणसं मशीन बघायला आली, तेव्हा त्यांच्यासमोर काय केलंस? आकडा बदलला असतास तर चूक मशीनची हे कबूल झालं असतं, म्हणून तो तसाच ठेवून नुसतं त्यांचं नाव कोरून दाखवलंस. नाव कोणी टेप लावून मोजत नाही ना! ते बिचारे टाळ्या वाजवून गेले. मी आत चहा करत होते, कारण बाबांनी सांगितलं होतं, तू समोर येऊ नकोस, दारांचा विषय निघेल.

तुला हे कधी सांगितलं नाही. तू गेलास त्याच वर्षी एका आर्किटेक्टने मला बोलावलं होतं. ऑफिसात बसून ड्रॉइंगं आणि साइटवर जाऊन मापं. पगार बरा होता, पण ते जाऊ दे, टेबल माझं होतं, खिडकीजवळ. मी जाऊन नाही म्हणून आले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, 'माझी मापं चुकतात.' माझ्या तोंडाने सांगितलं रे.

तुझं लेकरू चालायला लागल्याचा फोटो मी पाकिटात ठेवते. काल तो काढून उलटा करून ठेवला. पोराचा काय दोष, म्हणून परत सुलटा केला. एवढी गोष्ट सोडली तर आज तुझ्याबद्दल माझ्या मनात एकही चांगला विचार नाही.

उत्तर पाठव. लांबलचक नको. खरं पाठव.


१० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. खरं मागितलं होतं, तू जरा जास्तच पाठवलंस.

'दारं आखूड निघाली त्याच संध्याकाळी मी बाबांना खरं सांगितलं होतं. ते म्हणाले, आता गप्प बस, रविवार होऊन जाऊ दे, मग बघू. चिठ्ठी त्यांच्याकडेच होती.'

मी ते दहा वेळा वाचलं. मग पत्र आणि वही घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. भर दुपार, सगळे कामावर. बाबा कडेच्या टेबलावर पटाशीला धार लावत होते. मी वही त्यांच्यासमोर ठेवली.

'बाबा, वाचनालयाच्या दारांची चिठ्ठी कुठे गेली होती?'

'कुठली दारं?' दगडावर पटाशी फिरतच होती.

'आठ वर्षं ज्या दारांवरून मला बोलताय ना, ती.'

पटाशी थांबली. त्यांनी वही उघडली नाही. म्हणजे त्यात काय आहे ते त्यांना वाचायची गरज नव्हती.

'खिशात होती,' ते म्हणाले. 'सहाशेच लिहिलं होतंस. स्वच्छ अक्षरात.'

स्वच्छ अक्षरात! मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, तुझ्यावर ढकलतील, आठवत नाही म्हणतील. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. स्वच्छ अक्षराची केली नव्हती.

'मग का, बाबा?'

'त्याचं रविवारी ठरलं होतं. मशीनने माल बिघडवला असं त्या माणसांच्या कानावर गेलं असतं, तर त्याला दारात तरी उभं केलं असतं का कोणी? पोराचं आयुष्य होतं.'

'आणि माझं?'

'तू घरची,' ते म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, काल काय वार होता हे सांगावं तसं. 'त्याला बाहेर जायचं होतं. तुझ्यावर आलं तर घरातल्या घरात राहतं.'

'बरं. रविवार झाला. तो गेला. मग सोमवारी का नाही सांगितलंत?'

त्यांनी पटाशीची धार अंगठ्यावर टेकवून बघितली. 'सांगणार होतो. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग... मग सगळ्यांना सवय झाली.'

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मशीन बंद केलं एवढं आठवतं, कारण एकदम शांत झालं आणि माझाच आवाज मला ऐकू आला. 'मोजलेलं परत मोजायला उठत होतात तुम्ही! माहीत असून उठत होतात!' असं काहीतरी मी म्हणत होते. त्यावर ते म्हणाले, 'नसतो उठलो, तर बाकीच्यांना संशय आला असता.'

ऐकलंस? नाटक नीट वठावं म्हणून आठ वर्षं रोज खुर्चीतून उठत होते. गुडघे दुखत असताना.

तुला काय वाटलं, बाबांचं नाव पुढे केलंस की तू सुटलास? त्या संध्याकाळी तू खरं बोललास, ते मी मान्य करते. तेवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवलं. पण तू बोललास ते नेमकं त्या माणसाशी, ज्याला आधीच ठाऊक होतं. मी पलीकडच्या खोलीत होते. भिंत अर्ध्या विटेची आहे. रविवार होऊन जाऊ दे म्हणाले ना? तुझा रविवार आठ वर्षं संपलाच नाही का रे?

तू लिहितोस, 'येऊन समोरासमोर बोलतो.' आत्ता येऊ नकोस. तू समोर आलास की लहानपणीसारखा चेहरा करशील आणि मी पाघळेन. मला अजून पाघळायचं नाही. हा राग मला फुकट मिळालेला नाही, तो मी इतक्यात सोडणार नाही.


२ मार्च

धाकट्या,

काय काय झालं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे अर्धवट दुसऱ्याकडून ऐकायला नको.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, 'ताई, तो ताईचा इंच... तो शब्द मीच काढला होता. सगळे हसले म्हणून परत परत बोलत गेलो.' इतका मोठा माणूस, मान खाली. मी म्हटलं, 'मिस्त्री, तुम्हाला जे माप दिलं, त्यावर तुम्ही कापलंत. माप देणारे वेगळे होते.' त्यांनी डोळे पुसले आणि जाऊन उगाचच एका मजुरावर ओरडले.

मग मी वाचनालयात गेले. आठ वर्षांत त्या रस्त्याने गेले नव्हते. बँकेत जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालून जायचे, त्यांची खिडकी लागू नये म्हणून. ग्रंथपाल बाई त्याच आहेत, केस पांढरे झालेत. मी काउंटरवर वही ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, स्क्रू, आकडा, चिठ्ठी, सगळं. मागे पुस्तकं बदलायला आलेली दोघं तिघं ताटकळत उभी.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'दारं आखूड होती होय? मला वाटतं, तुमच्याकडून यायला थोडा उशीर झाला होता. एवढंच आठवतंय.'

मी म्हटलं, 'तुम्ही तिथे उभ्या होतात.'

'असेन हो. त्या वर्षी छप्पर गळत होतं, माझं सगळं लक्ष तिकडे.' आणि मग मागच्या माणसाला विचारलं, 'तुमचं कार्ड?'

मी पायरीवर येऊन बसले. आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की चपलेचा अंगठा तुटेपर्यंत पाय आपटला. तिला आठवतही नाही! जगात कोणालाच आठवत नव्हतं. तो इंच फक्त आपल्या वर्कशॉपमध्ये मोजला जात होता, रोज, न चुकता. बाबांचं म्हणणं खरंच ठरलं बघ. घरातल्या घरात राहिलं.

तिथून तशीच फरफटत, तुटकी चप्पल हातात घेऊन, वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याचा बाजारातला एक गाळा रिकामा आहे. जागा बघितली, वीज बघितली, जमीन सपाट आहे की नाही ते पाणसळ ठेवून बघितलं. घेतला.

काम आधीच आलंय. शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंना कपडे बेतायच्या लाकडी पट्ट्या हव्या होत्या, काखेच्या, गळ्याच्या, वाकणाच्या. मी त्या मशीनवर कापल्या आणि सेंटिमीटरच्या खुणाही त्यातच कोरल्या. बाईंनी आपला टेप काढून माझ्यासमोर पडताळून बघितल्या. मला घाम फुटला, ते जुनं हाडात बसलेलं आहे, इतक्या लवकर जाणार नाही. त्या म्हणाल्या, 'अजून तीस द्या.' मी 'देते' म्हटलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून जरा उभी राहिले.

काल मशीन हलवलं. टेबल उचलायला चौघं लागले. बाबा शेडच्या दारात उभे होते. मधल्या दिवसांत आम्ही भाजी काय आणि औषध घेतलं का, एवढंच बोललो. चूक झाली, असं ते म्हणालेले नाहीत. वर्कशॉपमधल्या पाटीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं, 'थट्टा बंद.' त्यांच्या हिशेबी तेवढं पुरे असावं. मला पुरत नाही.

मशीन गाडीवर चढलं. मी बिलांची पुस्तकं आणि फोनची वही त्यांच्या हातात दिली. ते ती उलटसुलट बघत राहिले.

'म्हणजे तू येणारच नाहीस इथे?'

'घरी येईन, जेवायला. इथे नाही.'

'परवा त्या शाळेच्या खिडक्यांचं माप घ्यायचंय,' ते म्हणाले. 'मिस्त्रींना आता शिडी चढवत नाही. माझे डोळे हे असे. मी म्हणत होतो, तूच जा. मी परत मोजणार नाही.'

आठ वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. अगदी मागच्या महिन्यातही. काल ऐकलं तेव्हा गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि मला त्याच्याबरोबर जायचं होतं.

'नाही जमणार, बाबा.'

'मग माप कोण घेणार?'

'धाकट्याला बोलवा,' मी म्हटलं.

ते थट्टा समजले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं, थट्टा नाही. मी गाडीत बसले.

म्हणून हे पत्र. बाबांचा फोन येईल तुला, आज किंवा उद्या. रजा मिळते का, पोराला कोण बघेल, ते तुझं तू ठरव. मला कळवायची गरज नाही. खिडक्या एकूण चौदा आहेत, आणि शिडी मी शेडच्या भिंतीला लावून ठेवली आहे.

ताई